‘हे परीक्षेला येणार नाही’: गणित विभागाचं दार पोरांनी कसं उघडलं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण मजकूर.)

लोकलमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, नाहीतर अभ्यासाला बसलोय असं घरी सांगून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा भाग एका वाक्याबद्दल आहे. हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलेलं असणार. वर्गात कुणीतरी हात वर करतं, ‘सर, हे असंच का?’ असं विचारतं आणि उत्तर येतं: ‘ते परीक्षेला येणार नाही.’ संपला विषय. हात खाली.

आपल्याला वाटतं हे आपल्याच विद्यापीठांचं दुखणं. तसं नाहीये. साधारण १८१० साली, इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात, जिथे खुद्द न्यूटन शिकला आणि शिकवायचा तिथे, एका नव्या विद्यार्थ्याला हेच उत्तर मिळालं होतं. त्याचं नाव चार्ल्स बॅबेज. हो, तोच बॅबेज, ज्याला आपण कॉम्प्युटरचा आजोबा म्हणून एका मार्काच्या प्रश्नात लिहितो.

मला आज हे सांगायचंय की पदवीला शिकणारी मुलं विद्यापीठाच्या गणित विभागात खऱ्या अर्थानं कशी शिरली. ॲडमिशन घेऊन नाही बरं का, ती सगळेच घेतात. विभागाच्या कामात, विभागाच्या डोक्यात कशी शिरली, हा प्रश्न आहे. इतिहासात मला याचं उत्तर जवळजवळ दर वेळी एकच दिसतं. कुणीतरी एक छोटं, न झालेलं काम उचललं.

सात गिनींचं पुस्तक

त्या काळी इंग्लंड आणि नेपोलियनचा फ्रान्स यांच्यात युद्ध चालू होतं, आणि गणितातही वेगळीच खुन्नस होती. कॅल्क्युलस कुणी शोधला, न्यूटननं की लाइबनिट्सनं, हे भांडण शंभर वर्षं जुनं झालं होतं. तरी न्यूटनच्या प्रेमापोटी केंब्रिजनं त्याचीच खूण धरून ठेवली होती: अक्षराच्या डोक्यावर एक टिंब. युरोपात मात्र लाइबनिट्सची ‘डी’वाली पद्धत रुळली होती, म्हणजे आज तुम्ही वहीत लिहिता तीच. नुसत्या खुणेचा प्रश्न असता तर गोष्ट वेगळी. पण ऑयलर, लाग्रांज, लाप्लास यांनी या शंभर वर्षांत जे प्रचंड गणित उभं केलं, ते सगळं त्या ‘डी’च्या भाषेत होतं. भाषाच येत नाही, तर पुस्तक वाचणार कसं?

बॅबेजला लाक्र्वा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचं कॅल्क्युलसवरचं पुस्तक हवं होतं. लंडनच्या दुकानात चौकशी केली. त्याचा अंदाज होता दोन गिनी. युद्धामुळे किंमत निघाली सात गिनी. बराच विचार करून त्यानं ते घेतलं, केंब्रिजला पोचला आणि पहिल्या रात्रीचा बराच वेळ ते चाळण्यातच घालवला. नवा फोन घेतल्यावर आपण रात्रभर सेटिंग्ज बघत बसतो ना, अगदी तसं.

थोड्या दिवसांनी तो एक शंका घेऊन आपल्या ट्यूटरकडे गेला. ट्यूटरनं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा प्रश्न परीक्षेत विचारला जाणार नाही, त्याला काही महत्त्व नाही, तू आधी नेमलेला अभ्यास कर. पुढे म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत बॅबेजनं हा प्रसंग नोंदवून ठेवलाय. एवढ्या वर्षांनीही तो विसरला नव्हता.

थट्टेतून निघालेलं मंडळ

१८१२ मध्ये केंब्रिजमध्ये वेगळाच वाद पेटला होता. बायबल वाटायचं, तर नुसतं वाटायचं की सोबत टीका-टिप्पणी द्यायची? भिंतींवर पत्रकं लागत होती. बॅबेजनं त्याची टिंगल म्हणून एका नव्या मंडळाचा आराखडा लिहिला. काय, तर लाक्र्वाचं छोटं पुस्तक इंग्रजीत आणायचं आणि वाटायचं. ते इतकं परिपूर्ण आहे की टिप्पणीची गरजच नाही!

तो कागद एका मित्रानं एडवर्ड ब्रॉमहेडला दाखवला. ब्रॉमहेड म्हणाला, थट्टा कसली, खरंच काढू या की. आणि ‘अ‍ॅनालिटिकल सोसायटी’ स्थापन झाली. त्यात बॅबेज होता, जॉन हर्शेल होता, जॉर्ज पीकॉक होता. सगळे विशीच्या आसपासचे, विद्यार्थीच. त्यांनी पदरमोड करून एक खोली भाड्यानं घेतली. तिथे जमायचं, एकानं निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची.

प्राध्यापक मंडळी आधी हसली. हसून भागेना, तेव्हा ही पोरं नास्तिक आहेत अशी कुजबूज सुरू झाली. बॅबेजनं त्यातूनही कोटी काढली. ‘डी’च्या पुरस्काराला त्यानं ‘डीइझम’ म्हटलं, जे त्या काळी परंपरा सोडून फक्त बुद्धीनं देव मानणाऱ्यांच्या पंथाचं नाव होतं. आणि टिंबाला, म्हणजे ‘डॉट’ला, चिकटून बसलेल्या विद्यापीठाला ‘डॉटेज’, म्हणजे म्हातारचळ लागलाय असं म्हटलं. मीम बनवायला इन्स्टा लागत नाही, ते असं.

१८१३ मध्ये मंडळानं आपल्या निबंधांचा एक खंड छापला. जवळजवळ सगळा मजकूर बॅबेज आणि हर्शेल या दोघांचाच. आणि मग? मग मंडळ बंद पडलं. हो! मुलं पास होऊन पांगली. वर्ष-दोन वर्षांत खोलीला कुलूप.

आता इथे थांबू. तुमच्या कॉलेजातही असं मंडळ निघालं असेल. पहिल्या वर्षी पोस्टर, दुसऱ्या वर्षी दोन लेक्चरं, तिसऱ्या वर्षी ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंगचे फोटो. मग आपण म्हणतो, काही उपयोग नाही. पण केंब्रिजची गोष्ट मंडळ बंद पडल्यावरच खरी सुरू झाली.

पेपर काढणारा मित्र

१८१६ मध्ये बॅबेज, हर्शेल आणि पीकॉक या तिघांनी लाक्र्वाच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर खरोखरच छापलं. थट्टेत लिहिलेलं काम पुरं केलं. १८२० मध्ये सोबत उदाहरणांचे खंड काढले, कारण नुसत्या सिद्धांतानं विद्यार्थी वळत नाही, त्याला सोडवायला गणितं लागतात.

पण सगळ्यात मोठी चाल पीकॉकची. तो कॉलेजातच शिक्षक म्हणून राहिला आणि १८१७ मध्ये परीक्षक झाला. केंब्रिजच्या गणिताच्या मोठ्या परीक्षेला ट्रायपॉस म्हणतात. पीकॉकनं त्या परीक्षेच्या आपल्या प्रश्नांत टिंब काढून ‘डी’ घातली. गडबड झाली, टीका झाली. १८१९ मध्ये तो पुन्हा परीक्षक झाला आणि पुन्हा तेच केलं. पुढच्या काही वर्षांत केंब्रिजमधून टिंब जवळजवळ हद्दपार झालं.

बघा गंमत. ‘हे परीक्षेला येणार नाही’ या वाक्यापासून सुरुवात झाली होती. सात वर्षांत त्याच टोळीतला एक जण परीक्षेचा पेपर काढत होता. आणि आता ते परीक्षेला आलं!

ब्रॉमहेडचं पुढे काय झालं, तेही सांगतो. तो घरच्या जमीनदारीत परत गेला. गणितज्ञ वगैरे झाला नाही. पण १८२८ मध्ये नॉटिंगहॅमच्या एका पिठाच्या गिरणीवाल्यानं विजेवर आणि चुंबकत्वावर एक गणिती निबंध स्वखर्चानं छापला. तो वर्गणी भरून घेणाऱ्या मोजक्या लोकांत ब्रॉमहेड होता, आणि त्यात काय दडलंय हे त्याला कळलं. त्यानं त्या गिरणीवाल्याला पाठबळ दिलं, केंब्रिजचा रस्ता दाखवला. तो माणूस वयाच्या चाळिसाव्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाला बसला. त्याचं नाव जॉर्ज ग्रीन. बीएस्सीला ‘ग्रीन्स थिअरम’ करता ना? तोच ग्रीन. कॉलेजातल्या दोन वर्षांच्या मंडळानं एक जाणकार वाचक तयार केला, आणि त्या वाचकानं पंधरा-वीस वर्षांनी एक ग्रीन ओळखला.

दार सगळ्यांना नव्हतं

या गोष्टीत मुली कुठे आहेत? नाहीयेत. त्यांना प्रवेशच नव्हता. नंतर परीक्षेला बसायची मुभा मिळाली, पण निकालाच्या मुख्य यादीत नाव नाही. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीचे मार्क पहिल्या आलेल्या मुलापेक्षाही जास्त होते. तिचं स्थान जाहीर केलं ते ‘पहिल्याच्या वर’ असं! आणि पदवी? केंब्रिजनं स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं.

म्हणून मी कामाचं गुणगान गातोय, तरी हेही लक्षात ठेवा: काही दारं नुसत्या कामानं उघडत नाहीत. ती आतल्या लोकांनी उघडावी लागतात.

केंब्रिजहून फर्ग्युसन रोडला

फॉसेटनंतर नऊ वर्षांनी, १८९९ मध्ये, त्याच परीक्षेत पहिल्या क्रमांकावर एक नाव संयुक्तपणे झळकलं: रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेला. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. पीकॉकनं जिचा पेपर बदलला, तीच ही परीक्षा. मग ते पुण्याला परत आले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. मराठीत ‘रँग्लर’ हा शब्द पदवीसारखा नावामागे लागला, तो त्यांच्यामुळे.

आता दक्षिणेत जाऊ, कारण पुण्याचा पुढचा धागा तिथून येतो. व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यातले सरकारी अधिकारी, पुढे डेप्युटी कलेक्टर. कॉलेजात असताना ते लंडनच्या एका शैक्षणिक मासिकाला गणितं आणि उत्तरं पाठवायचे. तिथल्या संपादकांना वाटलं हे कुणी प्राध्यापकच, आणि ‘प्रोफेसर’ ही उपाधी त्यांना आयुष्यभर चिकटली असं सांगतात. विद्यार्थी असताना पोस्टाच्या तिकिटावर मिळवलेली प्रोफेसरकी!

या अय्यरांची अडचण साधी होती. गणिताची परदेशी पुस्तकं आणि नियतकालिकं एकट्याला परवडत नाहीत. म्हणून १९०७ मध्ये त्यांनी मित्रांना जमवून क्लब काढला: वर्गणी भरायची, पुस्तकं-मासिकं मागवायची आणि पोस्टानं एकमेकांकडे फिरवायची. नाव ठेवलं ‘अ‍ॅनालिटिक क्लब’. १८१२ च्या मंडळाशी नावाचं साम्य आहे, म्हणून माझे कान टवकारले, एवढंच. पुढे त्याचीच ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ झाली. आणि तिचं ग्रंथालय कुठे उभं राहिलं? पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात.

सोसायटीच्या नियतकालिकात एक सदर असायचं: प्रश्न विचारा, उत्तरं पाठवा. १९११ मध्ये तिथे एका तरुणानं एक प्रश्न टाकला, क्रमांक २८९. एकात एक अडकलेल्या, कधीच न संपणाऱ्या वर्गमुळांची किंमत काढा. काही महिने गेले, कुणाचंच उत्तर नाही. शेवटी त्यानंच सांगितलं: उत्तर आहे ३. तो तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. तेव्हा तो कुठल्याच कॉलेजचा विद्यार्थी नव्हता. बाकी विषयांत नापास होऊन बाहेर पडलेला. विद्यापीठानं त्याला बाहेर काढलं होतं. प्रश्नांच्या सदरानं मार्कशीट मागितली नाही.

डहाणूचा मुलगा आणि ६१७४

आता पुन्हा फर्ग्युसन. १९२३ मध्ये तिथे एक मुलगा दाखल झाला, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, शाळा ठाण्यात. आकड्यांचं भयंकर वेड. १९२७ मध्ये, पदवी मिळायच्या आधीच, त्याला ‘रँग्लर परांजपे गणित पारितोषिक’ मिळालं. हे बक्षीस मार्कांसाठी नव्हतं. विद्यार्थ्यानं स्वतः केलेल्या नव्या गणितासाठी होतं.

थोडा विचार करा, हे बक्षीस काय सांगत होतं. तू विद्यार्थी आहेस, पण तू काहीतरी नवं शोधू शकतोस आणि आम्ही ते वाचू. ‘परीक्षेला येणार नाही’च्या बरोबर उलटं वाक्य.

कापरेकर १९२९ मध्ये पदवीधर झाले, पुढे शिकले नाहीत. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते. आणि तिथूनच त्यांनी ६१७४ शोधला. फोनचा कॅल्क्युलेटर काढा, आत्ताच करू. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, आणि वजा करा. आपण १८१२ घेऊ, बॅबेजच्या मंडळाचं वर्ष. ८२११ वजा ११२८, आले ७०८३. पुन्हा: ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता पुढे कितीही करा, ६१७४ च येणार. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचते.

इथल्या अनेकांनी त्यांचं गणित हलक्यात घेतलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या लोकप्रिय सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं. मला विचाराल तर १९२७ चं ते बक्षीस फार महत्त्वाचं आहे. एकट्यानं इतकी वर्षं संख्यांशी खेळत राहायला आत कुठेतरी पक्कं असावं लागतं की हे खरं काम आहे. ते त्याला विशीत एकदा कुणीतरी सांगितलं होतं.

चार मित्र आणि एकाची आई

अजून एक गोष्ट, कारण ही माझी आवडती आहे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांचं गणित मंडळ होतं, १९१९ मध्ये हार्डींनी सुरू केलेलं. तेच हार्डी, रामानुजनचे. तिथे चार मुलांची गट्टी जमली: ब्रूक्स, स्मिथ, स्टोन आणि टट. टट तर केमिस्ट्रीचा विद्यार्थी! त्यांनी एक कोडं घेतलं: एका चौरसाचे असे छोटे चौरस करता येतील का, की सगळे वेगवेगळ्या मापाचे असतील?

आधी ते आयतांवर प्रयोग करत होते. ब्रूक्सनं एका आयताचे तुकडे कापून जिगसॉ केला. त्याच्या आईनं तो जुळवला. पण तिची मांडणी मुलानं कापलेल्यापेक्षा वेगळीच निघाली! चौघं पुन्हा बसले. असं का झालं, या शोधात त्यांना दिसलं की हे चौरस आणि विजेच्या सर्किटमधला प्रवाह यांचं गणित एकच आहे. १९४० मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला. टटनं केमिस्ट्री सोडली, युद्धात जर्मनांचं एक अवघड सांकेतिक यंत्र भेदलं आणि पुढे ग्राफ थिअरीतला मोठा माणूस झाला. केमिस्ट्रीचा मुलगा संध्याकाळी गणिताच्या मंडळात जाऊन बसला, एवढंच सुरुवातीला घडलं होतं.

मग आज काय?

आता तुम्ही म्हणाल, ते केंब्रिज, आम्ही तालुक्याच्या कॉलेजात. मान्य. माझ्याही कॉलेजात गणित विभागाच्या पुस्तकांचं कपाट कायम कुलूपबंद असायचं, आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नसायचं. म्हणून मी आज फक्त तेवढंच सांगतो जे तिथेही जमेल.

एक, चार जण गोळा करा आणि आठवड्यातून एकदा रिकाम्या वर्गात बसा. एकानं फळ्यावर एक सिद्धता मांडायची, बाकीच्यांनी ‘का?’ विचारायचं. सरांना अध्यक्ष करू नका, श्रोता म्हणून बोलवा. ते येतात. विभागात शिरायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, कारण मग सर तुम्हाला रोल नंबरनं नाही, तुमच्या प्रश्नानं ओळखतात.

दोन, भाषांतर करा. लाक्र्वाचं पुस्तक आठवा. एक प्रकरण मराठीत आणा, सोबत सोडवायला दहा उदाहरणं द्या आणि ज्युनिअर मुलांना वाटा. एखादी गोष्ट आपल्या भाषेत नीट सांगता आली नाही, तर ती आपल्याला कळलेलीच नसते.

तीन, प्रश्न छापा. विभागाच्या नोटीसबोर्डवर दर सोमवारी एक. पुढच्या सोमवारी उत्तर, सोडवणाऱ्याच्या नावासह. मार्क विचारू नका. तुमचा क्रमांक २८९ सोडवणारा कदाचित कॉमर्सचा असेल.

चार, उन्हाळा वाया घालवू नका. १९९३ मध्ये तेव्हा मुंबई विद्यापीठात असलेल्या एस. कुमारेसन सरांनी ‘एमटीटीएस’ नावाचं उन्हाळी शिबिर सुरू केलं. पदवीच्या मुलांसाठीही त्यात वेगळी पातळी असते. पाठ केलेलं तिथे चालत नाही. शिक्षक सतत विचारत राहतात आणि मुलांना बोलतं करतात. तुमच्या सरांना त्याबद्दल विचारा, अर्जाची वेळ आधीपासून बघून ठेवा.

आणि पाच, सगळ्यात अवघड. तुमच्यातल्या एखाद्यानं पीकॉक व्हा. तुमचं मंडळ बंद पडेल, ते पडू दे. पण कुणीतरी शिक्षक व्हा, पेपर काढायच्या खुर्चीपर्यंत पोचा, आणि मुलानं हात वर केला की तो खाली करायला लावू नका.

तर आजचं होमवर्क: तुम्हाला कधीतरी ‘हे परीक्षेला येणार नाही’ असं सांगून गप्प केलं असेल, तर तो प्रश्न आठवा. तारीख घालून वहीत लिहून ठेवा. आणि या आठवड्यात वर्गातल्या एका तरी मित्राला किंवा मैत्रिणीला तो विचारा. दोन झालात, की मंडळ झालं.

भेटू पुढच्या भागात. तोवर आपल्या जन्मसालाचा ६१७४ किती पायऱ्यांत येतो, ते करून बघा. बाय!